कलेजीचा तुकडा

त्या वर्षी मी आठवडाभर हिंजवडीत सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधायचे आणि रविवारी धायरीत एका कुत्रीला कुत्र्यांमधला कॅन्सर शोधायला शिकवायचे. एका पशुवैद्य बाईंनी तिथे पत्र्याच्या शेडमध्ये हा उद्योग मांडला होता. तपासायच्या कुत्र्याच्या गळ्याभोवती रात्रभर गॉज, म्हणजे जखमेवर बांधतात ते जाळीदार कापड, बांधायचं, सकाळी ते बरणीत घालून आणायचं. बरण्या ओळीने ठेवल्या की आमची काळी कुत्री हुंगत जायची आणि आजारी कुत्र्याच्या बरणीपुढे बसायची. बरोबर बसली की उकडलेल्या कलेजीचा तुकडा.

मग बाबांच्या म्हाताऱ्या कुत्र्याच्या मानेखाली गाठ आली. आई गेल्यापासून बिबवेवाडीच्या घरात बाबांशी बोलणारा, म्हणजे बाबांचं ऐकून घेणारा, तो एकटाच. डॉक्टरबाईंनी सुईने गाठीतलं थोडं काढून तपासायला पाठवलं. रिपोर्टला वेळ लागणार होता आणि मला धीर धरवेना. मी बाबांना गॉज बांधायला सांगितलं.

रविवारी कुत्री त्या बरणीपाशी थांबलीसुद्धा नाही. मी तिथूनच बाबांना फोन केला. "बाबा, काही नाहीये!"

"नसणारच. शाम्पू लावून आंघोळ घातली, वर पावडर लावली. परक्या नाकाखाली घरची अब्रू जायला नको."

माझा आनंद जागीच मावळला. डॉक्टरबाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, त्यांना सांगा, आम्ही स्थळ बघत नाही आहोत."

पुढच्या रविवारी बिनआंघोळीचं गॉज घेऊन बाबा स्वतःच आले, इस्त्रीचा शर्ट घालून. कुत्री त्या बरणीशी थांबली, तिने पुन्हा हुंगलं आणि ती बसली. शेपटी हलवत माझ्याकडे बघत राहिली.

खात्री असल्याशिवाय खाऊ द्यायचा नाही असा नियम होता, नाहीतर शिकवलेलं सगळं वाया. मी तिला पुढे ओढलं. ती मागे वळून बघत होती.

"चुकली असेल," बाबा म्हणाले. "तुझ्याच हाताखाली शिकलीय."

बाबांचं बरोबर ठरावं असं मला इतकं कधीच वाटलं नव्हतं.

रिपोर्ट आला. डॉक्टरबाईंनी त्याच बरण्या पुन्हा मांडल्या, कुत्री पुन्हा तिथेच बसली. माझा हात कलेजीच्या डब्याकडे जाईना. जन्मात कधी मटणाला हात न लावलेल्या बाबांनी डब्यातून तुकडा उचलला आणि तिच्यापुढे धरला. "घे बाई. तुझं बरोबर होतं."

मग खिशातून घडी घातलेला रुमाल काढून त्यांनी डॉक्टरबाईंना विचारलं, "आमच्या कुत्र्यासाठी दोन तुकडे मिळतील का? त्याला आवडतं का, मी कधी विचारलंच नाही."