ताकदीची गोळी

"मॅडम, अॅट्रोपिन! दोन बॉक्स, लवकर!" कुसुम सिस्टर वॉर्डच्या दारातून ओरडल्या आणि उत्तराची वाट न पाहता आत पळाल्या.

ऑक्टोबरची सकाळ होती. मी स्टोअरमध्ये स्टॉक लावत होते. फवारणीच्या विषबाधेवरच्या या इंजेक्शनचे बॉक्स मी त्या महिन्यात कपाटात ठेवतच नव्हते, टेबलावरच ठेवायचे. कापसाच्या फवारणीचे दिवस. आठवड्यात सात-आठ पेशंट यायचे. सगळ्यांचं एकच: घाम, थरथर, उलटी, जुलाब, आणि अंगाला औषधाचा तो उग्र वास. आमच्याकडे बोंडअळीच्या विषालाही 'औषध'च म्हणतात. बाहेरच्या माणसाचा गोंधळ होतो, आमचा नाही.

मी तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात फार्मासिस्ट होते. सरकारी कागदावर औषध निर्माण अधिकारी, पेशंटच्या तोंडी 'गोळ्यावाल्या बाई'. मला दुसरं नाव जास्त आवडायचं. आणखी एक सांगते, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. औषधाच्या खोक्यात बारीक अक्षरांचा घडी घातलेला कागद असतो ना, तो मी वाचायचे. प्रत्येक. जेवणाच्या सुट्टीत, डबा खाताना. रुग्णालयातले सगळे हसायचे. आमचे हे तर म्हणायचे, "हिला लग्नाची पत्रिका दिली तरी ही आधी साइड इफेक्ट बघेल." बघेनच.

बॉक्स घेऊन वॉर्डात गेले. खाटेवर चाळिशीची एक बाई होती. लुगडं भिजलेलं, त्याला फवाऱ्याचा वास. घामानं निथळत होती, अंग तापलेलं, काहीतरी बडबडत होती. दोन्ही पाय थडथड उडत होते. पायथ्याशी तिचा नवरा देवराव उभा होता, पाठीवरचा फवारणीचा पंप त्यानं अजून उतरवलेला नव्हता. तो एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता, "फक्त पाणी आणून देत होती जी. फक्त पाणी." फवारणी पुरुष करतात, पंपासाठी विहिरीचं पाणी बाया आणतात. तीच रीत.

आमचे नवे मेडिकल ऑफिसर डॉ. निनाद. वय सत्तावीस, हुशार, तीन दिवसांची ड्यूटी सलग झालेली. त्यांनी माझ्या हातातून बॉक्स घेतला. सिस्टरनी सिरिंज भरायला घेतली.

आणि मी त्या बाईचा चेहरा पाहिला. ओळखीचा होता. सुमनबाई. बुधवारची सुमनबाई.

दर बुधवारी जिल्ह्याच्या ठिकाणाहून मनोविकाराचे डॉक्टर आमच्याकडे यायचे. कापसानं सगळ्यांचीच कंबर मोडलेली ती वर्षं, म्हणून ही सोय झाली होती. पण बुधवारच्या रांगेत उभं राहायला लोक लाजायचे. कोणी पाहिलं तर गावात 'डोक्याची केस' म्हणून शिक्का. सुमनबाई दोन महिन्यांपासून येत होती. झोप नाही, भूक नाही, बोलणं बंद. तिला मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनावर काम करणारी गोळी सुरू होती. हळूहळू बरं वाटत होतं. गेल्या बुधवारी तर खिडकीशी चक्क हसली होती.

मी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. बाहुल्या वाटाण्याएवढ्या.

"सर, एक मिनिट," मी म्हटलं. "बाहुल्या बघितल्या का?"

"मॅडम, वास येतोय तुम्हाला? लुगडं भिजलंय विषानं."

"येतोय. पण बाहुल्या मोठ्या आहेत."

फवारणीच्या विषबाधेत बहुतेक वेळा बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात. तोंडातून लाळ गळते, छातीत घरघर होते. ते सगळं सुकवायलाच अॅट्रोपिन देतात. इथे लाळ नव्हती, घरघर नव्हती. आणि अॅट्रोपिननं घाम बंद होतो. अंग आधीच भट्टीसारखं तापलेलं, त्यात घाम बंद केला तर ताप आणखी चढणार. विष नसेल तर हेच इंजेक्शन तिच्या जिवावर उठलं असतं.

डॉक्टर चिडले. "आणि विष असलं, मी थांबलो, आणि ती गेली तर? जबाबदारी कोण घेणार? तुम्ही? तुम्ही स्टोअर सांभाळा ना, प्लीज."

मला राग आला. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. पण त्यांचंही चूक नव्हतं. दोन्हीकडून बाई जाऊ शकत होती, आणि सही त्यांची होती.

"सर, दोन मिनिटं द्या. मला एवढं विचारू द्या, हिनं दुसरं काय घेतलंय."

त्यांनी सिस्टरना हात केला. सिरिंज भरलेली, पण थांबली.

सुमनबाईची जाऊ रुक्मा दाराशी उभी होती. तिला मी व्हरांड्यात घेतलं. "रुक्माबाई, खरं सांग. दोन-तीन दिवसांत सुमनबाईनं कोणतं औषध घेतलं? गावात दाखवलं का?"

रुक्मानं आधी देवरावकडे पाहिलं, मग आवाज खाली आणला. "कंबर लय दुखून राह्यली होती तिची, पाणी वाहून वाहून. परवा गावातल्या डॉक्टरकडे गेलतो आम्ही. त्यायनं सुई देल्ली, अन गोळ्या देल्ल्या. काल पुन्हा सुई घेतली. कोरडा खोकलाबी होता, तं त्याची बाटली देल्ली."

तिच्या पिशवीत गोळ्यांची अर्धी पट्टी होती आणि बाटली. मी उलटून पाहिलं. पट्टी ट्रॅमाडॉलची, दुखणं थांबवणारं जोरदार औषध. बाटलीत कोरडा खोकला दाबणारं औषध. दोन्ही औषधांचे कागद मी वाचलेले होते. दोन्हींत एकच इशारा होता: सेरोटोनिन वाढवणाऱ्या गोळीसोबत देऊ नये.

"त्या डॉक्टरनं विचारलं नाही, आधी कोणती गोळी चालू आहे म्हणून?"

"इचारलं ना! सुमनबाईनं सांगतलं, ताकदीची गोळी चालू हाय."

ताकदीची गोळी.

ते वाक्य माझं होतं. दोन महिन्यांपूर्वी सुमनबाई खिडकीशी घाबरून विचारत होती, "मॅडम, घरी कोनी इचारलं तं काय सांगू?" आणि मीच तिला म्हटलं होतं, ताकदीची गोळी म्हणून सांग. लोहाच्या गोळ्या ज्या खाकी पाकिटात देतो, त्याच पाकिटात तिच्या गोळ्या घातल्या होत्या. पाकिटावर चंद्र काढला होता, म्हणजे रात्री घ्यायची. नाव लिहिलं नव्हतं. तिलाच नाही, बुधवारच्या सगळ्याच बायांना मी असंच द्यायचे. मला वाटायचं, केवढी समजूतदार आहे मी! गावातला डॉक्टर बिचारा विचारून औषध देणारा निघाला, आणि त्याच्या प्रश्नाचं खोटं उत्तर माझ्या खिडकीतून गेलं होतं.

पण छाती पिटायला वेळ नव्हता. मी आत गेले आणि डॉक्टरांच्या कानाशी तिन्ही औषधं सांगितली. शेवटी म्हटलं, "सर, पाय बघा."

या माणसाचं मी आजही कौतुक करते. अहंकार बाजूला ठेवून ते खाटेशी गेले, सुमनबाईचं पाऊल हातात धरलं आणि झटक्यानं वर ढकललं. पाऊल थांबेना. शिवणयंत्राच्या पायडलसारखं वर-खाली, वर-खाली, आपोआप. त्याला क्लोनस म्हणतात. डॉक्टरांचा चेहरा बदलला.

"सेरोटोनिन सिंड्रोम," ते हळूच म्हणाले. "पुस्तकात वाचलंय फक्त." मग सिस्टरकडे वळले. "अॅट्रोपिन बाजूला ठेवा. लुगडं काढा, अंग धुऊन घ्या, ओल्या चादरी, पंखा."

आता हे सेरोटोनिन काय, ते सांगते. शरीर स्वतः तयार करतं असं ते एक रसायन. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवतं. लोक त्याला 'आनंदाचं रसायन' म्हणतात, पण ते अर्धवट आहे. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नसतंच, आतड्यात असतं. तिथं ते आतड्यांची हालचाल चालवतं. रक्त गोठायला मदत करतं. डोक्यात झोप, भूक, मनाचा तोल, अंगाचं तापमान, स्नायू, सगळीकडे त्याचा हात असतो. दोन पेशींच्या मधल्या फटीत ते सुटतं, काम करतं आणि पुन्हा वेचून परत घेतलं जातं. कापसासारखं. सुमनबाईची गोळी काय करते, तर वेचणारे हात कमी करते. म्हणजे ते फटीत जास्त वेळ टिकतं आणि मनाला हळूहळू उभारी येते. एवढंच झालं तर उत्तम. पण ट्रॅमाडॉलही तेच करतं, खोकल्याचं औषधही तेच करतं. वेचणारं कोणी उरलंच नाही, आणि सेरोटोनिनचा पूर आला. म्हणून आतडी बिघडून जुलाब, म्हणून ताप, थरथर, बडबड. लोकांना वाटतं ताकदीचं आहे तर जास्त झालं तर काय बिघडतं. बिघडतं.

डॉक्टरांनी जिल्ह्याच्या रुग्णालयातल्या मोठ्या फिजिशियनना फोन लावला. पलीकडून विचारणा झाली, "क्लोनस आहे? बाहुल्या मोठ्या? मग तेच. ती सगळी औषधं बंद. शांत करायचं इंजेक्शन द्या. सायप्रोहेप्टाडीन आहे का तुमच्याकडे?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. स्टोअरमध्ये नव्हतं. पण कुठे असेल, ते मला बरोबर माहीत होतं. मी चप्पल न घालताच रस्ता ओलांडून समोरच्या मेडिकलमध्ये गेले.

"सायप्रोहेप्टाडीनच्या गोळ्या द्या. पट्टी द्या अख्खी."

दुकानदार हसला. "काहून मॅडम, कोनाले भूक लागून नाही राह्यली?"

कारण ते औषध आमच्याकडे भूक वाढवायलाच खपतं. लेकरू जेवत नाही म्हणून आया त्याचं सिरप नेतात. तेच औषध सेरोटोनिन जिथे जाऊन बसतं त्या जागा अडवून ठेवतं, एसटीत रुमाल टाकून सीट धरतात तसं. भुकेची गोळी त्या दिवशी जिवाची गोळी झाली.

फोनवर सांगितल्याप्रमाणे तीन गोळ्या मी स्वतः खलात कुटल्या आणि पाण्यात कालवल्या. सिस्टरनी त्या नाकातल्या नळीतून पोटात सोडल्या. मग वाट पाहणं. डॉक्टर दर अर्ध्या तासाला पाऊल ढकलून पाहत होते. दुपारी बाराला पाऊल दहादा उडालं. दोनला सहादा. ताप उतरू लागला. चार वाजता ते उडायचं थांबलं, आणि सुमनबाईनं डोळे उघडून पाणी मागितलं. कुसुम सिस्टरनी माझा हात इतका जोरात दाबला की बांगडी फुटली.

देवराव पायऱ्यांवर बसला होता. मी सांगितलं, वाचली. तो उठला नाही. खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, माह्या फवाऱ्यानं झालं ना? तिले मीच बलावलं होतं पाणी आणाले."

"नाही. तुमच्या फवाऱ्यानं नाही झालं. वेगवेगळ्या औषधांचं एकमेकांशी पटलं नाही."

तो धाय मोकलून रडला. मग तोंड पुसून त्यानं विचारलं, "कोणत्या औषधाचं?"

"ते सुमनबाईलाच विचारा. ती सांगेल."

तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं. मी खाटेशीच होते, तिनं माझा पदर धरून ठेवला होता.  मला वाटलं आता देवराव चिडतो. तो म्हणाला, "मले सांगतलं असतं तं मी काय बाजारात सांगत फिरलो असतो का?" आणि मग, "मीच आणून देल्ली असती."

मनोविकाराच्या डॉक्टरांनी पुढे दोन आठवडे थांबून तिची गोळी पुन्हा सुरू केली. गोळीचा दोष नव्हताच. मी त्यांना आणि डॉ. निनादना दोघांनाही माझी चूक सांगितली, कोणी विचारण्याआधीच. मग पाकिटं बदलली. प्रत्येकावर औषधाचं नाव ठळक अक्षरात, आणि खाली वाक्य: हे पाकीट प्रत्येक डॉक्टरला दाखवा. पाकिटांचा गठ्ठा रोज मी घरी न्यायचे, आमच्या ह्यांनाही लिहायला बसवायचे. डॉ. निनादनी माझे जुने कागद वाचायला मागून नेले. एकही परत आला नाही.

पण बुधवारच्या बायांना मात्र नाव लिहिलेलं पाकीट नको होतं. कुणी ते घरी जाऊन फाडत, कुणी नावावर बोटानं शाई फासत. मी प्रत्येकीला समजावत होते, ऐकत कोणी नव्हतं.

मग ज्या बुधवारी तिची गोळी पुन्हा सुरू झाली, त्या बुधवारी सुमनबाई आली. रांग व्हरांड्याच्या बाहेर गेलेली, त्यात तिच्याच गावच्या चार-पाच बाया. देवराव तिच्या मागे उभा, यावेळी पंपाशिवाय. खिडकीशी आल्यावर मी सवयीनं आवाज खाली केला. तिनं नाही केला.

"मॅडम, माह्यी मनाची गोळी द्या," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली. "अन नाव मोठं लिवा. माह्या माणसाले चष्मा लागला हाय."

 मग मागून एक म्हातारी बाई पुढे सरकून म्हणाली, "मलेबी तेच. मलेबी मोठं लिवा."

मी लिहिलं. अक्षर चांगलं आलं, मोठं. नोकरीत मला कोणतंही पदक मिळालं नाही, आणि मिळालं असतं तरी ही गोष्ट सांगते तितक्या अभिमानानं मी ते कोणाला दाखवलं नसतं. बाकी तुम्हाला सांगायचं एवढंच. डॉक्टरनं विचारलं, आधी कोणती गोळी चालू आहे, तर पाकीट काढून समोर ठेवा. ताकदीची आहे असं सांगू नका. तसं सांगायला कोणी शिकवलं असेल, मग ती गोळ्यावाली बाई का असेना, तिचं ऐकू नका.