सावडीचा दिवस

हे मी पोरीलासुद्धा सांगितलेलं नाय. कुणालाच नाय. तुम्ही ऐका.

त्या संध्याकाळी मी आणि माझी बायको सुंदरा ओटीवर मोड आलेले वाल सोलत होतो. सकाळी आमच्या शेतात भाताची लावणी. आमच्याकडं सावड असते — आज सगळी घरं तुझ्या शेतात, उद्या माझ्या. मजुरी नाय, फक्त जेवण. त्या जेवणाच्या बिरड्याचे ते वाल.

माझं नेहमीचंच चालू होतं. माणूस जातीचाच मतलबी, सावडीला येतो तोही आपल्या शेताकडं बघून. शाळेतले मास्तर एकदा म्हणाले होते, कुणी परदेशातला तत्त्वज्ञ हेच लिहून गेलाय. चौथी नापास माणूस मी — काय फुगलो! एसटीत, धसईच्या बाजारात, मयताला गेलो तरी तेच.

सुंदरा हसली. "सोताला बघता नि गावाला नावं ठेवता तुमी." मग तिचा हात थांबला. छातीत दाटतंय म्हणाली. सकाळी मुरबाडला डाक्टरकडं नेता का?

"उद्या? परवा जाऊ गो."

परवा! रोपं उपटून ठेवलेली, खाचरात चिखल तयार. हा दिवस गेला की आमचं शेत सगळ्यांच्या मागं — एवढंच डोक्यात.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. घरात, एकटी. उरलेली लावणी गावानं केली, मी न बोलावता. बाया रडायच्या, "अचानक गेली रं माय." मी मान हलवायचो. इतकी वर्षं हलवतोय.

आणि तो तत्त्वज्ञ — त्याच्या आड लपलो. सगळेच असे, मग मी काय वेगळा? पण खरं सांगू? सगळे तसे नसतात, हे मला तेव्हाच ठाऊक होतं. नुसतं बोललो असतो तरी शेजारच्या बाळारामनं चिखलाच्या पायानं जीप काढली असती. सगळं गाव लावणी टाकून धावलं असतं. म्हणूनच तर बोललो नाय.

त्या लावणीच्या सकाळी तिला उठता येईना. भिंतीला टेकून बसली होती, ओठ काळे पडलेले. मी पाण्याचा तांब्या जवळ ठेवला, दार ओढून घेतलं. सोललेले वाल बाळारामच्या बायकोला नेऊन दिले — बिरडं आज तू शिजव.

"का वं भाऊ? वैनी कुठंय?"

"निजलीय. उठवू नको," म्हणालो, नि खाचरात उतरलो.