सहा दिवसांची सावड

सातपूरच्या एका कारखान्यात निकिता स्विचची झाकणं तपासते. ओरखडा दिसला की झाकण लाल खोक्यात. नवरा संतोष समोरच्याच कारखान्यात. तिची सकाळपाळी सुटते, त्याची दुपारपाळी भरते, आणि मधल्या दहा मिनिटांत दोन वर्षांची चैताली चहाच्या टपरीपाशी बापाच्या कडेवरून आईच्या कडेवर येते.

बुधवारी फळ्यावर नोटीस लागली. सोमवारपासून सहा दिवस संतोषलाही सकाळपाळी. त्याच्या सुट्ट्या चैतूच्या तापात संपलेल्या. निकिताचा कायम होण्याचा कागद त्याच आठवड्यात सहीला जाणार होता आणि साहेबांनी बजावलं होतं, एकही खाडा नको. निकितानं देव्हाऱ्यातल्या सप्तशृंगीला हात जोडले आणि विंचूरला सासूबाईंना फोन लावला.

"आई, सहा दिवस चैतूला बघाल का?"

"बघीन की. पण मला सुट्टी कोण देईल?"

सासूबाई चंद्रभागाबाई रोज व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जातात, म्हणजे त्याही नोकरदारच, हे निकिताच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.

"आमची मुकादम भागीबाई सुट्टी देती, पण रविवारी बाया कमी पडतात, तेव्हा बदली माणूस मागती," सासूबाई म्हणाल्या. "आपण सावड करू. मी तुझी पोर सांभाळते, तू दोन रविवार माझ्या जागी बस."

आज मी तुझ्या शेतात, उद्या तू माझ्या, ही सावड निकितानं माहेरी पाहिली होती. शिवाय तपासणं तर तिचं रोजचंच. रविवारी ती चैतूला घेऊन विंचूरला गेली आणि पदर खोचून खळ्यावर बसली. मोठा कांदा इकडे, बारका तिकडे, सडका बाहेर, इतकंच काम.

दुपारपर्यंत तिच्या पाठीमागे चौथा ढीग उभा राहिला, तिन्ही ढिगांहून उंच.

"हे काय गं?" भागीबाईनं विचारलं.

"नापास माल. हा एका बाजूनं चपटा आहे. याचा रंग फिका. आणि याची साल सुटलीय."

"कांद्याची नाय सुटायची तर कोणाची सुटायची? चंद्राबाई, तुमच्या सुनेनं निम्मा ट्रक घरी बसवला."

चैतूला कडेवर घेऊन उभ्या चंद्रभागाबाईंना हसू आवरेना. त्या मटकन गोणीवर बसल्या. बाकीच्या बाया एकेक कांदा उचलून निकिताला विचारू लागल्या, "मॅडम, हा पास हे का?" चैतूनंही एक पुढे केला. निकितानं तो उलटसुलट पाहिला, सवयच ती, आणि मग तीही हसत सुटली.

भागीबाई मात्र हसली नाही. तिनं चौथा ढीग पायानं मोठ्या कांद्यात ढकलला.

"चंद्राबाई, उद्यापासून सहा दिवस खुशाल जा नाशिकला. बदली नको मला. पण पुढच्या रविवारी हिला इकडं आणू नका."

संध्याकाळी सासूबाई आणि चैतूला घेऊन निकिता स्टँडवर उतरली. संतोष वाट पाहत होता.

"मिळाली का आईला सुट्टी?"

"मिळाली," निकिता म्हणाली. "मी कांद्यात नापास झाले."