पत्रिकेची फ्लॉपी

लखनौजवळच्या चिनहटच्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटर रूमच्या बाहेर चपला काढाव्या लागत. धूळ आत जायला नको म्हणून. कुणाच्याही खिशातली फ्लॉपी मात्र आत चालायची. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मशीन बिघडलं की कारण शोधायचं, निस्तरायचं आणि पुन्हा तसं होऊ नये हे बघायचं, हे माझं काम. त्याला तेव्हा धड नावही नव्हतं.

एका सोमवारी सकाळी स्टोअर्सचं मशीन सुरूच होईना. सगळ्या मालाच्या नोंदी त्यात होत्या. दुपारपर्यंत शेजारचीही दोन गेली. व्हायरस होता, हे मला दिसत होतं. कुठून आला, ते अजून शोधायचं होतं. मॅनेजरसाहेबांना शोधायची गरज वाटली नाही. स्टोअर्सच्या मशीनवर अमीनाबादहून येणारी एक मुलगी बसायची. बी.ए. झालेली, रोजंदारीवर घेतलेली, कामाला चोख. आदल्या आठवड्यात ती अंगात ताप असताना आली होती. साहेबांनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की, व्हायरस हिनेच आणला. मला वाटलं, थट्टा करताहेत. त्यांनी शिपायाला बोलावून तिचा कीबोर्ड फिनाइलने पुसून घेतला. संध्याकाळी हेडक्लार्कने तिला उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं.

घरी आईला हे सांगताना माझा आवाज चढला. धाकट्या भावाला मराठी सगळं कळायचं, पण बोलायचा हिंदीतच. तो म्हणाला, "छोड़ो न ताई, अपनी नौकरी देखो।" मी ताटावरून उठले.

दुसऱ्या दिवशी माझ्याकडच्या स्वच्छ फ्लॉपीवरून एकेक मशीन सुरू केलं आणि तपासलं. आमच्या खोलीतली सगळी बाधित निघाली. साहेबांच्या केबिनमधलंही निघालं. त्या मशीनला ती मुलगी कधी हात लावत नव्हती, ऑफिसचं कामही त्यावर होत नसे. त्यावर चालायचं ते फक्त जन्मपत्रिका मांडायचं सॉफ्टवेअर, साहेबांच्या कुणा मेहुण्याने फुकट कॉपी करून दिलेलं. ती फ्लॉपी तपासली. व्हायरस तिच्यात होता. केबिनमध्ये प्रिंटर नव्हता, म्हणून साहेब पत्रिका छापायला तीच फ्लॉपी आमच्या खोलीत पाठवत. कुणाकडे? तर त्याच मुलीकडे. अर्ध्या कारखान्याने आपल्या मुलाबाळांच्या पत्रिका तिच्याकडून छापून घेतल्या होत्या.

हे मी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं. साहेब हसले. म्हणाले, "मैडम, कुंडली से वायरस नहीं आता।" पत्रिका छापून घेतलेले सगळे चहाच्या कपात बघत बसले.

"आपके कहने पर उसने प्रिंट निकाले," मी म्हणाले. "उसे वापस बुलाइए।"

ती जागा आता लागणार नाही, असं साहेबांनी सांगितलं आणि पुढचा विषय घेतला. मी हेड ऑफिसला कळवलं. तिकडून हुकूम आला की, ऑपरेटरांनी बाहेरची फ्लॉपी आणू नये. अधिकाऱ्यांबद्दल त्यात एक अक्षर नव्हतं. तो कागद भिंतीवर लावायला माझ्याकडे दिला. मी लावला नाही.

पुढच्या रविवारी तिला भेटायला अमीनाबादला गेले. लग्नपत्रिका छापणाऱ्या एका दुकानात ती टायपिंगला लागली होती. मी सगळं सांगितलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, मग हळूच म्हणाली, "दीदी, तो बुख़ार से नहीं हुआ था?"

इतके दिवस तिला खरंच वाटत होतं की, तिच्या तापाने मशीनं बंद पडली. घरी तिने कुणालाच काही सांगितलं नव्हतं. तिची नोकरी गेल्याच्या रागापेक्षाही मोठा राग मला त्या क्षणी आला. शिकलीसवरलेली मुलगी, तिच्या डोक्यात हे भरवलं, आणि खोलीतल्या एकानेही तिला खरं सांगितलं नाही. दुकानातलीच एक फ्लॉपी घेऊन, व्हायरस म्हणजे कुणीतरी लिहिलेला प्रोग्राम असतो, तो एकीवरून दुसरीवर कसा जातो, हे मी तिला समजावलं. तिने दोन-तीन प्रश्न विचारले. मग मालकाला सांगितलं की, आजपासून गिऱ्हाइकाची फ्लॉपी आधी ती तपासणार.

कारखान्यात ती परत आली नाही. आता मीही तिला पुन्हा तिथे ये म्हटलं नसतं. साहेब निवृत्त झाले तेव्हा मोठा समारंभ झाला. त्यांनी कारखान्यात कॉम्प्युटर आणले म्हणून त्यांचं कौतुक झालं. मी खाली स्टोअर्समध्ये काम करत बसले होते. वरून टाळ्या ऐकू येत होत्या. मला कुणी बोलवायला आलं नाही.