अठ्ठेचाळीस तासांची सूचना

पुस्तकं बांधायच्या त्या कारखान्यात तिला लहानथोर सगळे ताईच म्हणत. पुठ्ठ्यांची थप्पी पाठीवर कोसळून कमरेखालचं अंग गेलं, त्याला अकरा वर्षं झाली होती. पण हातातलं दाभण सुटलं नव्हतं. बॅटरीच्या खुर्चीत पट्ट्यांनी बांधून घेऊन ती दिवसभर पानं शिवत बसे.

सोमवारी सकाळी धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला.

"ताई, डॉक्टरांनी हात टेकलेत. जमेल तितक्या लवकर निघा."

रस्त्याने दोन दिवस. तिची पाठ दोन तासही टिकली नसती. तिने खळीचे हात फडक्याला पुसले आणि विमान कंपनीला फोन लावला. पलीकडची मुलगी मोठ्या गोडीने बोलत होती. तिकीट उद्याचंही मिळेल. पण बॅटरीच्या खुर्चीची सूचना अठ्ठेचाळीस तास आधी हवी. सोबत बॅटरीचा कागद, खुर्चीची मापं, डॉक्टरांचा दाखला.

"अहो, माझी बहीण शेवटच्या घटका मोजतेय."

"समजू शकते, मॅडम. खुर्ची घरी ठेवून या. आम्ही साधी देऊ."

"साधीत मी बसूच शकत नाही. घसरते."

"मग अठ्ठेचाळीस तास."

दुपारपर्यंत तिने सगळं जमवलं. खुर्चीची उंची-रुंदी कारखान्यातल्याच पट्टीने तीनतीनदा मोजली आणि कागद पाठवून दिले. मंगळवारी सकाळी उत्तर आलं: अर्जाची मागची बाजू पोचलेली नाही. पुन्हा पाठवा. तास नव्याने धरले जातील.

ती फोनवर त्या मुलीवर ओरडली. मग माफी मागितली, कारण खुर्ची चढवणं न चढवणं त्यांच्याच हातात होतं.

बुधवारी संध्याकाळी बहीण गेली.

"अंत्यविधीला तुमच्यासाठी थांबू का?" मेहुण्यांनी फोनवर विचारलं.

"नको. माझं काही खरं नाही. आणखी एखादा कागद निघायचा."

गुरुवारी मात्र कुठेच काही अडलं नाही. विमानतळावरच्या दोघांनी तिला अलगद उचलून विमानातल्या अरुंद खुर्चीवरून आसनापर्यंत नेलं. विमानातल्या संडासात तिला जाता येणार नव्हतं, म्हणून आदल्या दुपारपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. उतरल्यावर तिची खुर्ची दाराशी हजर होती, साधा ओरखडासुद्धा नाही.

बहिणीच्या घरी पलंगावरची गादी गुंडाळून भिंतीला उभी केली होती. मेहुण्यांनी तिच्या हातात पाण्याचा पेला दिला.

"सारखी विचारायची, ताई निघाली का. शेवटी सांगून टाकलं, निघाली, विमानात बसली. जरा शांत झाली."

"कधी सांगितलंत?"

"मंगळवारी."

तिने पेला मांडीवर टेकवला. "मग दोन दिवस दाराकडेच बघत असेल."

मेहुण्यांनी घसरू लागलेली गादी पुन्हा भिंतीला टेकवली. मग म्हणाले, "हो."