मिटलेल्या फायलींचं इंग्रजी

पनवेलच्या कॉलेजातून बी.कॉम. झाले आणि द्रोणागिरीच्या एका गोदामाच्या ऑफिसात चिकटले. काम पत्रव्यवहाराचं. साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "तीन महिने बघतो. माल ठेवणाऱ्या पार्टीला इंग्रजीत नीट उत्तर देता आलं तर राहा, नाहीतर दुसरीकडे बघ." आमच्या घरातली ऑफिसातली ही पहिलीच नोकरी. ती घालवायची माझी अजिबात तयारी नव्हती.

त्याआधी कामोठ्याला स्पोकन इंग्लिशचा क्लास केला होता. तिथे रोज दहा कठीण शब्द पाठ करून घ्यायचे. झाले पाठ. पण ऑफिसात पत्र आलं की त्यातला शब्दन् शब्द कळायचा आणि पत्र कळायचं नाही, घोडं तिथेच अडायचं. डिक्शनरी अर्थ सांगायची, लिहिणाऱ्याच्या मनात काय आहे ते तिला कुठून माहीत असणार!

गोदामाच्या माळ्यावर निकाली निघालेल्या तक्रारींच्या जुन्या फायली होत्या. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन मी तिथे बसू लागले. फायलीत शेवटचा कागद सगळ्यात वर असतो, त्यामुळे निकाल आधीच कळायचा: पार्टी राहिली की गेली, समेट झाला की वकील आला. मग एकेक पान उलटत खाली जायचं आणि बिनसलं कुठे ते शोधायचं.

तेव्हा कळलं, "विथ ड्यू रिस्पेक्ट" लिहिणाऱ्याच्या मनातला आदर संपत आलेला असतो. "ॲट युअर अर्लिएस्ट कन्व्हीनिअन्स" म्हणजे तुमच्या सवडीने नव्हे, आजच. आणि "वुई आर ॲट अ लॉस टु अंडरस्टँड" लिहिणाऱ्याला सगळं व्यवस्थित समजलेलं असतं. शहाण्याला शब्दाचा मार पुरतो म्हणतात, पण मार बसलाय हे आधी कळायला तर हवं. वहीत शब्दापुढे अर्थ लिहिणं मी सोडून दिलं. कोणी लिहिलं, कधी लिहिलं आणि पुढे काय झालं, तेवढं टिपू लागले.

खरं तर यात मला नवीन काही नव्हतं. माझी आई बाजारात मासे विकायची. गिऱ्हाइकाशी ती कडाकडा भांडायची, त्याचं कुणाला काही वाटत नसे. पण एखादीला "नका घेऊ वयनी, तुमी तुमचं बघा," असं मऊ आवाजात म्हणाली, की त्या बाईला आमच्या पाटीतलं चांगलं पापलेट पुन्हा मिळायचं नाही. हे जिला कळतं तिला इंग्रजी का कळू नये? लिहिणारी शेवटी माणसंच की!

तीन महिने संपायला चार दिवस उरले होते. एका जुन्या पार्टीचा फॅक्स आला. त्यांची काही खोकी आमच्याकडे भिजली होती. लिहिलं होतं, हे नजरचुकीनेच झालं असणार याची आम्हाला खात्री आहे, आपलं म्हणणं शुक्रवारपर्यंत कळवलंत तर आभारी राहू. साहेब खूश. "सज्जन माणूस आहे. पुढच्या आठवड्यात बघू."

"सर, आजच उत्तर द्यायला हवं. ते सोडून चाललेत."

"यात राग कुठे दिसला तुला? आता तू मला इंग्रजी शिकवणार?"

मी हटले नाही. माळ्यावर जाऊन तीन फायली आणल्या आणि टेबलावर ठेवल्या. तिन्हींत असंच एक गोड पत्र होतं आणि त्याच्या वरचा कागद वकिलाची नोटीस. साहेबांनी चष्मा लावून तिन्ही वाचल्या. मग म्हणाले, "बरं, लिही."

मी गोड काही लिहिलं नाही. खोकी कुठे होती, छप्पर कुठून गळलं, चूक आमची आहे आणि उद्या कोण येऊन भेटेल, एवढंच लिहिलं. "वुई रिग्रेट" हे नकार देणारे लिहितात, हेही त्या फायलींनीच शिकवलं होतं. मी सरळ सॉरी लिहिलं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. डिअर सर नाही, थँक यू नाही. गोदाम चालवता की गुरांचा गोठा, अशा भाषेत पानभर झाडलं होतं. वाचता वाचता साहेबांचा चेहरा उतरला. "घालवलीस पार्टी," ते म्हणाले.

"सर, शेवटची ओळ वाचा."

पुढचा ट्रक सोमवारी येतोय, या वेळी माल कोरड्या जागी ठेवा, असं होतं.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि कागद माझ्याकडे सरकवला. "सोमवारी ट्रक आला की माल पोचल्याचं पत्र तूच पाठव."

माझे तीन महिने शनिवारी संपत होते.