हळदीचा कागद पिवळाच राहिला

स्पष्टच सांगतो, मी तिच्यावर जळत होतो.

संग्रामपूर तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत प्रयोगशाळेला बारा महिने कुलूप. आम्ल म्हणजे काय ते मुलांनी फळ्यावर वाचायचं, वहीत उतरवायचं आणि पेपरात ओकायचं! ते कुलूप उघडावं म्हणून आमच्या विज्ञानप्रसाराच्या गटानं मोहीम काढली. पत्रकं माझी. शब्द न् शब्द माझा. पण लोक ऐकायचे तिचं. ती लोणारची, गटात नवीनच आलेली. जास्वंदीच्या फुलांचं पाणी करायची, त्यात लिंबू पिळलं की लालभडक, साबणाचं पाणी टाकलं की हिरवं. टाळ्या! माझी पत्रकं मात्र भज्यांखाली जायची.

शाळा समिती निर्णय घेणार होती त्या दिवशी मी आधीच जाहीर केलं, आज प्रयोग मी करणार.

तिनं एवढंच विचारलं, "घरी करून पाह्यला का?"

मला तो टोमणा वाटला. "पाठ आहे मला," मी म्हणालो.

तिची फुलं नकोत म्हणून मी हळदीच्या पाण्यात कागद बुडवून वाळवले होते. साबण लागला की हळद लाल होते हे पाहिलेलं, आणि आम्लानं लिटमस लाल होतो हे पुस्तकातलं. दोन्हींची डोक्यात खिचडी झालेली. समितीसमोर कागदावर लिंबू पिळलं. "पाहा, आता लाल होईल!"

पिवळाच. आणखी पिळलं. तरी पिवळाच.

"काऊन बे, लिंबू सडकं हाय का तुह्यं?" मागून कोणीतरी ओरडलं. हशा.

समितीतली एक मावशी म्हणाली, "पोरा, हळदीचा डाग साबणानं लाल होते, लिंबानं नाही. कधी धुणं धुतलं असतं तं समजलं असतं."

अध्यक्ष उठायलाच लागले. "झाला ना प्रयोग? चला मंग."

तेव्हा ती उभी राहिली. "थांबा, भाऊ. मावशी बरोबर बोलली. हळदीले अल्कली समजते, आम्ल नाही. पण यानं असं काऊन केलं? दहावीले विज्ञानात पैकीच्या पैकी मार्क हायेत याले. हातानं प्रयोग एकडाव बी केला नाही. याच्या बी शाळेत प्रयोगशाळेले कुलूपच होतं."

हे मीच तिला कधीतरी फुशारकीनं सांगितलेलं!

अध्यक्ष परत बसले. मावशी म्हणाली, "हाव, खरं हाय. उघडा म्हणते मी."

किल्ली सापडली नाही. कुलूप दगडानं तोडलं. माझ्या फजितीचं तिनं पत्रक केलं होतं, आणि ते माझ्या सगळ्या पत्रकांपेक्षा चांगलं होतं. टाळ्या मलाही वाजवाव्या लागल्या.

दुसऱ्या दिवशी मोहिमेचा वृत्तांत मीच लिहिला. 'आमच्या गटाने प्रयोगाद्वारे मुद्दा पटवून दिला.' तिचा उल्लेख नाही.

तिनं छापील कागद शांतपणे वाचला. "मस्त लिवलं," ती म्हणाली. "फक्त हळद काऊन गाळली?"